दानात दिलेला फोन

माझा नवरा मंगळवारी दुपारी वारला. तो बँकेत पासबुक भरून घ्यायला गेला होता. बँकेतल्या शिपायाने मला फोन केला. मी रिक्षाने दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वेळ लिहिली आणि माझी सही घेतली.

पुढचे बारा दिवस घर माझ्या ताब्यात नव्हतं. धाकटे दीर ठाण्याहून आले आणि दारातच म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशात लक्ष घालू नका. सगळं मी बघतो." त्यांनी खरंच सगळं बघितलं. मी कशात लक्ष घातलं नाही. याचा राग मला अजून येतो. तो दिरांवर आहे तेवढाच माझ्यावरही आहे.

आमच्या घरात एक रीत आहे. बाराव्या दिवशी गुरुजींना छत्री, चपला, तांब्याभांडं तर देतातच, पण त्यासोबत गेलेल्या माणसाच्या रोजच्या हातातली, त्याच्या आवडीची एक वस्तूही देतात. सासऱ्यांच्या वेळी रेडिओ दिला होता. सासूबाईंच्या वेळी पानाचा डबा. माझ्या नवऱ्याच्या वेळी पुस्तकांचा विषय निघाला, तर दीर म्हणाले, "पुस्तकं वहिनींचीही आहेत. दादाचा जीव त्या फोनात होता. तोच देऊ." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. दिरांनी फोन कोरा करून आणला. गेलेल्या माणसाचा नंबर वाजत राहू नये म्हणून सिमही बंद करून टाकलं. मी फोनची काच पदराने पुसली आणि फोन छत्रीशेजारी ठेवला. मी आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होते. एखादं पुस्तक बाद करायचं तर तीन रजिस्टरं तपासून मग सही करायची, अशी माझी सवय. त्या दिवशी मी काही तपासलं नाही.

फोनात काय होतं हे सांगायचं तर आधी त्याच्या कामाबद्दल सांगायला हवं. तो इथेच पनवेलच्या शाळेत भूगोल शिकवायचा. आता जिथे विमानतळ झाला आहे तिथल्या गावांतली मुलं त्याच्या वर्गात होती. गावं उठली, लोक नव्या वसाहतींत गेले. घरांना प्लॉट मिळाले, देवळांनाही मिळाले. शेतांच्या नावांना काही मिळालं नाही, कारण ती कुठल्या कागदावर नव्हतीच. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. 'सासूचा तुकडा', 'दोन भावांची', 'रुसलेली' ही नावं फक्त बायकांच्या तोंडी होती. निवृत्त झाल्यावर दर रविवारी तो त्या म्हाताऱ्या बायकांकडे जायचा, जुना नकाशा जमिनीवर पसरायचा आणि त्या सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करायचा. मग त्याने वेबसाइट केली. शेताचं नाव, नकाशातली जागा आणि सांगणारीचा आवाज. सूची मी केली.

एका वसाहतीतल्या देवळाच्या भिंतीवर साइटचा पत्ता ऑइलपेंटने लिहिला आहे. रंगवणाऱ्याने विचारलं होतं, "मास्तर, ह्यो टिंब देवाच्या नावाला नाय ना लागनार?" नवरा म्हणाला, "लागला तर देवालाच साइट बघायला लाव."

'रुसलेली'चं रेकॉर्डिंग मला सर्वांत जवळचं. त्यात एक म्हातारी सांगते, "धाकटीचं लगीन झालं त्या साली तिच्यात दाना नाय आला. म्हनून आमी रुसलेली बोलतो." नवरा विचारतो, "मग तिची समजूत कोणी काढली?" म्हातारी म्हणते, "तुमी काढा की मास्तर, तुमाला लय बोलता येतं." आणि तो हसतो. त्याचं हसणं आणखी कुठेही नोंदलेलं नाही. आमच्याकडे व्हिडिओ काढायची पद्धत नव्हती. तो गेल्यावर रोज चारच्या चहानंतर मी संगणकावर ते रेकॉर्डिंग लावायची.

पाच महिन्यांनी साइट ज्या कंपनीच्या जागेवर होती तिची मेल आली. जुना सर्व्हर महिनाअखेर बंद होणार. नव्या सर्व्हरवर जायचं असेल तर साइटचं नाव तुमच्या मालकीचं आहे हे सिद्ध करा. न केल्यास त्या नावाने साइट उघडणार नाही.

सिद्ध करायची रीतही दिली होती. त्यांनी इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची एक लांब ओळ पाठवली होती. साइटच्या नावाच्या नोंदी जिथे असतात तिथे ती लिहायची. मग कंपनी बाहेरून येऊन बघते. ओळ दिसली तर नाव तुमचं. त्यात मला गैर वाटलं नाही. आम्हीही वाचकाकडे पत्त्याचा पुरावा मागायचो.

नवऱ्याच्या वहीत पासवर्ड होते. कंपनीच्या पानावर गेले. 'डीएनएस नोंदी' असं एक पान सापडलं. तिथे ती ओळ चिकटवली, अक्षर न् अक्षर ताडून पाहिली, जतन केली आणि 'पडताळा' दाबलं.

'पडताळणी अयशस्वी. मालकी सिद्ध झाली नाही.'

कंपनीच्या मदतीच्या खिडकीत लिहिलं. उत्तर आलं, "हॅलो सर! नोंद पसरायला अठ्ठेचाळीस तास लागतात. कृपया थांबा सर." खातं नवऱ्याच्या नावावर होतं म्हणून मी सर. मी थांबले. पुन्हा अयशस्वी. पुन्हा लिहिलं. "हॅलो सर! ओळ काढून पुन्हा टाका आणि अठ्ठेचाळीस तास थांबा." काढली, टाकली, थांबले. तिसऱ्यांदा मी लिहिलं, "मी सर नाही. सर वारले आहेत. मी त्यांची पत्नी. नोंद बरोबर आहे, तरी ती तुम्हाला का दिसत नाही ते सांगा."

"ऐकून वाईट वाटलं सर. कृपया अठ्ठेचाळीस तास थांबा."

मी आवाज चढवणारी बाई नाही. वाचनालयात चढवायचाच नसतो. पण त्या सकाळी मी संगणकासमोर उभी राहून इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बाईंनी दार वाजवलं. मी त्यांना सांगितलं, काही नाही, दूध उतू गेलं.

सहा दिवस असे गेल्यावर मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदार इथल्या कोकणी मुसलमान घरातला. आखातात एका ऑफिसात बरीच वर्षं संगणकाचं काम करून परत आलेला. नवरा नकाशे त्याच्याकडेच छापायचा. त्याने माझी सगळी कागदपत्रं बघितली आणि त्याच्या संगणकावर काहीतरी तपासलं.

"मॅडम, गुस्सा करू नका, पण सहा दिवस तुम्ही भलत्याच रजिस्टरात लिहिताय."

"म्हणजे?"

"सरांनी नाव घेतलं एका कंपनीकडून. साइट ठेवली दुसरीकडे. आणि हे नाव म्हणजे कुठलं घर, हे दुनियेला सांगणारं रजिस्टर ठेवलं तिसऱ्या कंपनीत. तुम्ही लिहिलंत दुसरीच्या रजिस्टरात. ते कुणी उघडतच नाही."

"मग तिथे लिहू कसं देतात?"

"पान आहे, बटण आहे. लिहा म्हणतात."

"आणि तीन वेळा विचारलं तरी त्यांना हे सांगता येत नाही?"

"सांगायला आधी बघावं लागतं, मॅडम. त्यांना थांबा म्हणायचा पगार आहे."

चूक इतकी साधी होती. दाखल रजिस्टर एका कपाटात आणि नोंद मी करतेय दुसऱ्याच वहीत. वाचनालयात नव्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला समोर बसवून समजावलं असतं, आठवडाभर थांबायला लावलं नसतं.

तिसरी कंपनी कशाला, हे मी नवऱ्याला एकदा विचारलं होतं, ते दुकानात आठवलं. तेव्हा तो म्हणाला होता, "जागा कधीही सोडायला लागू शकते. पत्ता सांगणारा माणूस तरी जागेच्या मालकाचा नसावा." उठलेल्या गावांत हिंडून हिंडून तो असा विचार करायला लागला होता. विचार योग्यच होता. फक्त तो पत्ता सांगणारा माणूस कोण आणि त्याच्याशी कसं बोलायचं, हे त्याने घरातल्या माणसाला शिकवलं नाही.

वहीत तिसऱ्या कंपनीचा पासवर्डही होता आणि तो चालला. पुढच्या पानावर सहा आकडे मागितले. नवऱ्याच्या फोनात एक ॲप होतं, ते दर अर्ध्या मिनिटाला नवे आकडे दाखवायचं. ते हवे होते. फोन हरवला असल्यास राखीव कोड टाका, असं खाली लिहिलं होतं. मी वहीची पानं उलटली. शेवटच्या पानावर त्याच्या सुंदर, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: 'राखीव कोड फोनमध्ये ठेवले आहेत.'

हा माणूस मुलांना परीक्षेच्या नकाशाची एक प्रत घरी ठेवायला सांगायचा. कुलपाची जादा किल्ली याने त्याच कुलपाच्या आत ठेवली होती. तो गेल्यापासून मी त्याच्यावर रागावले नव्हते. त्या दुपारी रागावले. वही बंद करून त्याच्या फोटोकडे बघून म्हणाले, "मूर्खा." दुकानदार समोर नव्हता म्हणून बरं.

तिसऱ्या कंपनीला मेल केली, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कुलूप काढून हवं असेल तर खातेदाराने आपलं ओळखपत्र हातात धरून काढलेला फोटो पाठवावा.

मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. मग लिहिलं, "खातेदार वारले आहेत. दाखला जोडला आहे. ते ओळखपत्र हातात धरू शकत नाहीत." उत्तर आलं की खात्याच्या सुरक्षेसाठी खातेदाराखेरीज कोणाशीही या विषयावर बोलता येणार नाही. त्यांच्या लेखी तो जिवंत होता आणि मी दारात आलेली चोर होते. मृत्यूचा दाखला नगरपालिकेला चालला, बँकेला चालला, गॅसवाल्याला चालला. यांना चालला नाही.

मी दिरांना फोन केला.

"भाऊजी, फोन कोरा का केलात?"

"मग काय दादाचे मेसेज गुरुजींनी वाचायचे?"

"मला विचारायचं होतं."

"वहिनी, विचारलं होतं. तुम्हीच हो म्हणालात."

"मी मान हलवली होती."

"तेच ते. आणि आता एवढं काय आहे त्यात? शेतंच राहिली नाहीत, नावं घेऊन कोण काय करणार?"

"गुरुजी घरी कधी असतात?" मी विचारलं. ते घाईने म्हणाले, "बरं, बरं. पण दान परत मागायला जाऊ नका हं. शोभत नाही."

मी गेले. गुरुजी तळ्यामागे राहतात. माझ्या लग्नातले मंत्र त्यांनीच म्हटले होते. फोन त्यांच्या मुलीकडे होता. ती नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास त्यावर करायची. तिने तो हातात दिला तेव्हा काचेवर मांजराचं चित्र होतं. कुठेतरी काहीतरी उरलं असेल म्हणून मी दहा मिनिटं शोधत बसले. ती मुलगी शेजारी बसून मदत करत होती, काय शोधतेय ते न विचारता. काही नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातात आला तेव्हाच हा कोरा होता. तुमच्या सासऱ्यांचा रेडिओ दिलात, त्याला निदान स्टेशन लावलेलं होतं."

मला हसू आलं नाही. आज लिहिताना थोडं येतंय. ते फोन परत द्यायला तयार होते. म्हणाले, "मी मागितला नव्हता, तुम्ही दिलात. आता न्या." मी तो मुलीच्या हातात परत दिला आणि बाहेर आले. तळ्याच्या कठड्यापाशी उभी राहिले. ज्या वस्तूत त्याचं सगळं काम होतं ती आम्ही त्याच्या शांतीसाठी पुसून काढली होती आणि वर अक्षता वाहिल्या होत्या. आमच्यासारख्या शिकलेल्या घरात. मी स्वतः काच पुसली होती.

महिना संपायला तीन दिवस उरले तेव्हा दुकानदाराने एक वाट सांगितली. नाव जिथून घेतलं त्या पहिल्या कंपनीकडे जायचं. आमचं रजिस्टर इथून पुढे कुठलं, हे तिथे बदलता येतं. तिथे फोनचं कुलूप नव्हतं. पासवर्ड बदलायची चिठ्ठी मेलवर येणार होती, आणि नवऱ्याची मेल घरच्या संगणकावर उघडीच होती.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कारण यात नुकसान आहे, मॅडम. रजिस्टर बदललं की तिसरीकडचं जुनं बंद. त्यात सरांनी साइटच्या नावाला शब्द जोडून आणखी कुठले कुठले पत्ते लिहिलेत, ते आत गेल्याशिवाय दिसत नाही. बाहेरून एकेक नाव घेऊन विचारता येतं. अमुक आहे का? तमुक आहे का? नाव बरोबर असेल तर उत्तर देतं. यादी देत नाही."

"आणि एखादं नाव आपल्याला माहीतच नसेल तर?"

"तर ते गेलं."

आम्ही दुपारभर बसून एकेक नाव विचारलं. मेल. नकाशे. आवाज. शेत. शाळा. जे उत्तर आलं ते मी वहीत उतरवलं, एकाखाली एक. दुकानात गिऱ्हाईकं येत होती, तो उठून झेरॉक्स काढून देत होता आणि परत येत होता. मध्येच मी माझं नाव टाकून विचारायला सांगितलं. त्याने टाकलं. तिथे काही नव्हतं.

मग रजिस्टर बदललं. तिसऱ्या कंपनीचं काढून दुसरीचं लावलं, ज्यात मी सहा दिवस लिहीत होते तेच. वहीतल्या नोंदी त्यात लिहिल्या. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी 'पडताळा' दाबलं आणि पडताळणी झाली. मी आधी टाकलेली ती ओळ तिथेच होती, तिच्यातलं एक अक्षरही मी बदललं नव्हतं. तेव्हा तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, आता बघत होतं. मदतीच्या खिडकीत संदेश आला, "अभिनंदन सर!" मी खिडकी बंद केली आणि 'रुसलेली' लावली. तो हसला.

मला वाटलं, संपलं. दोन महिन्यांनी आपटा गावाहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, सरांनी आमच्या नदीच्या डोहांची नावं गोळा केली होती. त्याला वेगळा पत्ता करून दिला होता. तो हल्ली उघडत नाही." त्यांनी पत्ता वाचून दाखवला. 'डोह' हा शब्द आम्ही विचारलाच नव्हता. शेतं, शाळा, नकाशे विचारले. माझं नाव विचारलं. नदी सुचली नाही.

मी तशीच दुकानात गेले. त्याने जुन्या रजिस्टरला ते नाव विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणाला, "नाव दुसरीकडे गेलं की काही दिवसांनी ते लोक पान पुसून टाकतात. तेव्हा विचारलं असतं तर कळलं असतं, हा पत्ता कुठल्या घराचा." डोहांचं पान नवऱ्याने कुठल्या सर्व्हरवर ठेवलं होतं, हे वहीत नव्हतं, मेलमध्ये नव्हतं. फोनात असेल. त्या शिक्षकांना मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या आईचा आवाज होता त्यात. ती पण गेली आता."

माझ्या नवऱ्याचं हसणं मी वाचवलं आणि त्यांच्या आईचा आवाज माझ्या हातून गेला. मान हलवली ती मी. 'डोह' सुचला नाही तो मला. त्या तीन कंपन्यांवर मी मरेपर्यंत रागावू शकते आणि रागावणारही आहे. पण त्या शिक्षकांशी बोलल्यानंतर तो राग पूर्वीसारखा उपयोगी पडत नाही.

साइट चालू आहे. शेतांची नावं आहेत, सांगणाऱ्यांचे आवाज आहेत. डोहांची नावं नाहीत. फोन गुरुजींच्या मुलीकडे आहे. पहिल्या कंपनीच्या पानावर मालकाच्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव आहे, आणि ते मी बदललेलं नाही.